राघू, घार आणि आपली दया

आमच्या गावच्या घरी ओसरीवर तारांचा एक पिंजरा टांगलेला असे. त्यात आजीचा राघू. बाजाराच्या दिवशी टोपलीत पिल्लं घेऊन बसणाऱ्या माणसाकडून आजीने तो घेतला, तेव्हा त्याच्या अंगावर पिसंसुद्धा धड फुटली नव्हती. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची हा त्याचा खुराक. त्याला मिरची तिखट कशी लागत नाही, याचं मला फार नवल वाटे. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपली जीभ भाजते ते पक्ष्यांना जाणवतच नाही, हे पुढे कधीतरी वाचनात आलं.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना एका दुपारी पिंजऱ्याचं दार उघडून दिलं. शाळेत स्वातंत्र्यदिनाचं भाषण ऐकून आलो होतो, त्याचा परिणाम. राघू बराच वेळ दारातच बसून राहिला. मग कसाबसा अंगणातल्या शेवग्यापर्यंत गेला. कावळ्यांनी त्याला तिथेच गाठलं. आजीने रागावून एक शब्द काढला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "अरे, त्याला उडायचं कुठं ठाऊक होतं?"

ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. पाखरांवर माया करणारी माणसं आपल्याकडे पूर्वीपासून आहेत आणि त्यांना पिंजऱ्यात घालणारीही. पुष्कळदा ही दोन्ही माणसं एकच असतात. ही गोष्ट किती जुनी आहे, ते शोधत मी मागे मागे जात राहिलो.

इसवीसनापूर्वी 400च्या सुमारास क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारताविषयी लिहिलं. तो स्वतः भारतात आला नव्हता, इराणच्या दरबारी होता. त्याने एका पक्ष्याचं वर्णन केलं आहे: हा माणसासारखं बोलतो, भारतीय भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल. हा आपला पोपटच. पुढे अलेक्झांडरच्या स्वारीनंतर भारतीय पोपट युरोपात माहीत झाले. आपल्या करण पोपटाला इंग्रजीत आजही अलेक्झांडरच्याच नावाने ओळखतात.

आपल्याकडे तर पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही रीतसर कला होती. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये 'शुकसारिकाप्रलापन' आहे. कथा सांगून घरधनिणीला रोखून धरणारा शुकसप्ततीतला पोपट मराठीत शुकबहात्तरी होऊन आला. आपल्या भाषेतली पोपटपंची याच पिंजऱ्यातून आलेली.

पण याच परंपरेत दुसरा धागाही आहे. अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावर कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची यादी दिली आहे. त्या यादीत पहिलं नाव शुकाचं, दुसरं सारिकेचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कत्तलखान्याच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात हंस, चक्रवाक, मोर, पोपट, मैना यांना इजा होऊ देऊ नये असं सांगितलं आहे. जिवंत पकडलेल्या पशुपक्ष्यांपैकी सहावा हिस्सा अभयवनात सोडून द्यावा, असाही नियम तिथे आहे. सहाव्या हिश्शाला अभय मिळालं, पण बाकीच्या पाचांच्या वाट्याला काय आलं, हे सांगायला नकोच.

पोपट पकडायची एक युक्ती ज्ञानेश्वरीमुळे मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. सहाव्या अध्यायात, माणूस स्वतःच स्वतःचा शत्रू कसा होतो हे सांगताना ज्ञानेश्वरांनी शुकनलिकेचा दृष्टान्त दिला आहे. फिरती नळी टांगून ठेवायची. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या वजनाने ती फिरते आणि तो उलटा लटकतो. खरं तर पाय सोडले की तो मोकळाच आहे. पण भीतीने नळी आणखी घट्ट धरतो आणि पारध्याच्या हाती सापडतो. दृष्टान्त अध्यात्माचा असला, तरी 1290 सालच्या श्रोत्यांना ती नळी समजावून सांगावी लागली नसणार. पोपट धरणं हा रोजच्या व्यवहाराचा भाग होता.

इंग्रजांच्या काळात पक्ष्यांचा व्यापार पिंजऱ्यापुरता राहिला नाही. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी पिसं आणि कातडी जहाजं भरून जाऊ लागली, तेव्हा 1902 साली भारतातून त्यांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. 1887 आणि 1912 साली वन्य पक्ष्यांच्या संरक्षणाचे कायदे झाले. त्यांचा रोख मुख्यतः शिकारीच्या हंगामावर होता. ओसरीवरच्या राघूचा त्यात कोणी विचार केलेला नव्हता.

त्याच सुमारास मुंबईत प्राण्यांच्या दयेला संस्थेचं रूप येत होतं. 1832मध्ये भटकी कुत्री मारण्यावरून मुंबईत दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. 1874मध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली आणि 1880च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं इस्पितळ सुरू झालं. पांजरपोळ म्हणजे आसरा, इस्पितळ म्हणजे उपचार. या दोहोंतला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन लाल मंदिराच्या आवारात खास पक्ष्यांचं इस्पितळ आहे. तिथे जखमी कबुतरं, पोपट, चिमण्या यांच्यावर फुकट उपचार होतात आणि बरे झालेले पक्षी सोडून दिले जातात. मात्र दाखल करून घेण्याच्या बाबतीत शाकाहारी पक्षी आणि मांसाहारी पक्षी असा भेद तिथे राहिला. घारीला मांस लागतं, आणि अहिंसा मानणाऱ्या दवाखान्यात मांस येणार कुठून? ही अडचण खोटी नव्हे, पण त्यात घार उघड्यावर पडली. दिल्लीतल्या दोन भावांनी, नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद यांनी, आपल्या तळघरात घारींवर उपचार सुरू केले ते यातूनच. शौनक सेन यांचा 2022चा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट त्यांच्यावरच आहे.

कायद्याचं मोठं पाऊल 1972चं. त्या वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पकडणं, मारणं, विकणं यांवर निर्बंध आले. तरीही पोपट-मुनियांचा परवान्यावरचा व्यापार चालू राहिला. 1990-91च्या सुमारास भारतीय वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर पुरती बंदी आली. म्हणजे आज ओसरीवर राघू पाळणं हा गुन्हा आहे. बाजारात उघडपणे मिळतात ते बजरीगर, कॉकटील, लव्हबर्ड हे मुळात ऑस्ट्रेलिया-आफ्रिकेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी. ज्यांच्या घरी ते आहेत त्यांनी निदान एवढं करावं: पंख पूर्ण पसरता येतील असा पिंजरा घ्यावा, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर न ठेवता पालेभाजी, गाजर, फळं द्यावीत आणि एकट्या पक्ष्याला दिवसभर भिंतीकडे तोंड करून टांगू नये. हे थव्याने राहणारे जीव आहेत.

गेल्या संक्रांतीनंतर दोन दिवसांनी आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक घार पडलेली सापडली. पंखात मांजा रुतला होता. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 सालीच बंदी घातली आहे. तरी हा मांजा नायलॉनचाच होता. मी वाटीत पाणी घेऊन तिच्या चोचीत ओतायला निघालो होतो. फोनवर वनखात्याच्या हेल्पलाइनने जोडून दिलेली मुलगी जवळजवळ ओरडलीच, "काका, पाणी ओतू नका! फुप्फुसात जाईल."

मग तिने सांगितलं तसं केलं. अंगावर जाड टॉवेल टाकून पंखांसकट उचललं. नख्यांपासून हात लांब ठेवला. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून झाकण लावलं. मांजा ओढून काढला नाही, फक्त बाहेर लोंबणारा दोरा कापला. दूध नाही, पोळी नाही, काही नाही. अंधार आणि शांतता हेच पहिलं औषध. शेजारची मुलं सारखी झाकण उघडून बघत होती, त्यांना हाकललं. मला आठवलं, आजीच्या राघूला बघायलाही आम्ही असेच गोळा व्हायचो.

तीच मुलगी तासाभरात येऊन खोकं घेऊन गेली. तिला मी शेवग्यावरच्या राघूची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "हाताने वाढवलेला पक्षी असा सोडायचा नसतो, काका. आधी मोठ्या जाळीत महिनोन्‌महिने उडायला शिकवावं लागतं. थव्यात ठेवावं लागतं. काहींना तर कधीच सोडता येत नाही." आजी जे बोलली होती तेच. फक्त हिला पुढचं काय करायचं तेही ठाऊक होतं.

इतक्या शतकांत दयेची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. नव्हतं ते एवढंच ज्ञान. राघूवर आजीची माया होती आणि दार उघडणाऱ्या माझीही होती. त्या मायेने त्याचा काही उपयोग झाला नाही.

चैत्रात तिचा फोन आला. घारीच्या पंखाचा स्नायू जुळून आला होता, पण उडताना ती अजून डावीकडे झुकत होती. "आणखी महिनाभर ठेवू," ती म्हणाली. मी बरं म्हटलं. सोडायची घाई करा, असं या वेळी मला वाटलं नाही.