गादी उचला, पेट्रोल घालायचंय

आमच्या आजीची मोटार कसारा घाट उलटी चढली होती. तोंड ठाण्याकडे, पाठ नाशिककडे. कल्याणला पारनाक्याजवळच्या घरात, ओटीवर तांदूळ निवडता निवडता आजी ही गोष्ट सांगायची आणि आम्ही पोरं दर वेळी हसून लोळायचो. ती सात वर्षांची असताना तिचे वडील तिला त्र्यंबकला घेऊन निघाले होते. पायथ्यापासून थोडं वर गेल्यावर मोटार फुरफुरली आणि बसली. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं सगळ्यांना उतरवलं, ढकलत ढकलत मोटार वळवली आणि पाठमोरी चढवायला घेतली. “त्याची मान वर पोचेपर्यंत अशी,” म्हणून आजी स्वतःची मान वळवून दाखवायची.

“आई, मोटार होती की खेकडा?” मामा विचारायचा.

“खेकडा तिरका चालतो. खाडीकाठी राहून एवढंही ठाऊक नाही?” आजी सूप न थांबवता म्हणायची.

या गोष्टीला शेपूट होतं, ते आम्ही कधी नीट ऐकलंच नाही. पेट्रोल घालायची वेळ आली की पुढे बसलेल्यांना उठावं लागायचं. ड्रायव्हर म्हणायचा, “गादी उचला, पेट्रोल घालायचंय.” गादीखाली झाकण. त्यात तो एक काठी बुडवायचा, वर काढून किती भिजली ते बघायचा आणि मग डब्यातून पेट्रोल ओतायचा. तो वास पुढे घाटभर अंगावर राहायचा, असं आजी सांगायची. पण तोवर आम्ही मोटारीच्या उलट्या चालीची नक्कल करत अंगणात पोचलेले असायचो.

पुरावा म्हणून घरात एक फोटो होता. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, एका कोपऱ्याला कसर लागलेली. उघड्या टपाची मोटार, चाकाशी टोपी घातलेला ड्रायव्हर, शेजारी उपरणं-पगडीतले पणजोबा, फुटबोर्डावर झबलं घातलेली पाचेक वर्षांची मुलगी. मागे कौलारू घर आणि गजांची खिडकी. फोटोच्या पाठीवर मामाच्या बॉलपेननं लिहिलेलं: ‘आजोबांची मोटार, ठाणे, १९२४. फुटबोर्डावर आई.’ हे साल मामानं कुठून काढलं, तर आजीच्या वयातून. म्हणजे गोष्टीवरून फोटोला साल मिळालं आणि फोटोवरून गोष्टीला मोटार. दोघं एकमेकांचे साक्षीदार.

तसं बघितलं तर आमच्या या पट्ट्यात मोटारीला मान जरा उशिराच मिळाला. १६ एप्रिल १८५३ ला आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्या वर्षी कल्याणला. तेव्हा जगात पेट्रोलची मोटारच नव्हती. कार्ल बेंझनं पेटंट घेतलं ते १८८६ मध्ये. मुंबईच्या रस्त्यावर पहिल्या मोटारी दिसल्या १८९८ च्या सुमाराला. तोवर ठाण्या-कल्याणच्या दोन पिढ्या आगगाडीत डबे खात, भांडत, जागा अडवत मोठ्या झाल्या होत्या. स्टेशनावर उतरून टांगा केला की झालं. मोटार ही वकिलाची, डॉक्टरची, मिलवाल्याची वस्तू. आमचे पणजोबा ठाण्याच्या कोर्टात एका वकिलांकडे कारकून होते. कारकुनाला मोटार कुठून परवडणार, हा प्रश्न घरात कुणी कधी विचारला नाही. फोटो होता ना!

तो विचारला डोंबिवलीतल्या काकांनी. काका प्रीमियरमध्ये होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली ही कंपनी. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ जोडल्या गेल्या, नंतर फियाट आणि पद्मिनी. काकांचा जन्म गेला तिथे. निवृत्तीनंतर रामनगरातल्या त्यांच्या घरी रविवारी सकाळी चार-पाच म्हातारे जमतात आणि लोकांच्या घरचे जुने फोटो बघतात. माणसं नाहीत, मोटारी. घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं भिंग हातोहात फिरतं. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी मधोमध असतात, यांचं लक्ष मागच्या मडगार्डावर. “ही डुक्कर फियाट. नाक बघा की.” “अहो, ही हिलमन. दिव्यावरून सांगतो.” नंबराच्या पाटीवर बी-एम-वाय दिसलं की मुंबईची गाडी, वरातीला मागून आणलेली. कुणाच्या आजोबांचा जत्रेतला फोटो आला, ऐटीत स्टिअरिंग धरलेला. काकांनी भिंगसुद्धा उचललं नाही. “मॉडेल प्लायवूड. चाकाखालून मागच्या पडद्याचा तलाव दिसतोय.” ज्यांचे आजोबा होते ते आधी ओशाळले, मग सगळ्यांत जास्त तेच हसले.

मला हा उद्योग सुरुवातीला पोरकट वाटला होता. म्हाताऱ्यांचे पत्ते सुटले आणि हे लागलं, एवढंच. पण दिवाळीच्या साफसफाईत आमचा पुठ्ठा हाती आला, आणि आईला घेऊन मी तो घेऊन गेले.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फोर्ड आहे.” आईला आनंद झाला. “पण चोवीस सालची नाही.”

ते दाखवत गेले तसं मला पहिल्यांदा त्या मोटारीकडे मोटार म्हणून बघता आलं. १९२४ ची फोर्ड म्हणजे मॉडेल टी. १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षं निघालेली, दीड कोटीहून अधिक खपलेली. तिची चाकं लाकडी आऱ्यांची, बैलगाडीच्या चाकाची धाकटी बहीण म्हणावी अशी. आमच्या फोटोतल्या चाकांना पोलादी तारांचे आरे. रेडिएटरची चौकट टीची साधी, बसकी. इथे गोलाईदार, चकचकीत. “ही मॉडेल ए. डिसेंबर १९२७ मध्ये अमेरिकेत पडद्याबाहेर आली. आपल्याकडे त्यानंतर.” मग त्यांनी नख चाकावर टेकवलं. “चाक मोठं, टायर बारीक. एकवीस इंची. १९३० पासून एकोणीस इंची झालं. तेव्हा गाडी अठ्ठावीस नाहीतर एकोणतीसची.”

“आणि गाडी तुमच्या आजोबांची नव्हे,” ते आईला म्हणाले. “हात बघा त्यांचा. स्वतःच्या गाडीशी उभा राहणारा माणूस तिच्यावर हात टेकवतो. यांनी उपरणं धरलंय.”

आई गप्प झाली. मलाच वाईट वाटलं, म्हणून विषय बदलायला मी आजीची गोष्ट काढली. उलटी चढलेली मोटार, वाकडी मान, खेकडा. बैठकीतले दोघं हसले. काका हसले नाहीत.

“पेट्रोल कुठे घालायचे म्हणाली?”

“गादीखाली. पुढच्यांना उठवून. काठी बुडवून बघायचा म्हणे ड्रायव्हर.”

काकांनी भिंग खाली ठेवलं. “मग ती टी होती. शंभर टक्के.”

टीची टाकी पुढच्या सीटखाली. पेट्रोल वर ओढणारा पंप नाही. उतारानं वाहत जाईल तेवढंच इंजिनाला मिळणार. चढावर नाक वर झालं आणि टाकीत पेट्रोल कमी असलं, की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जातो आणि इंजिन उपाशी मरतं. मोटार वळवून पाठमोरी घातली की टाकी वर, इंजिन खाली. शिवाय रिव्हर्सला जोर जास्त. टीला खाली तीन पेडलं, मधलं रिव्हर्सचं. ड्रायव्हरनं त्यावर पाय रोवून, मान वळवून सगळा घाट काढला असणार. टाकीत किती उरलंय हे सांगणारा काटाही नव्हता, म्हणून काठी. “आणि १९२६ च्या मॉडेलपासून बहुतेक बॉड्यांची टाकी सीटखालून काढून काचेपुढे नेली,” काका म्हणाले. “म्हणजे आजीची गाडी त्याच्या आधीची. चोवीस साल अगदी बसतं. हे कुणी ऐकून रचत नाही हो. गादीवरून उठवलं गेलेल्यालाच माहीत असतं.”

आजीला जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.

घरी येताना रिक्षात आई हिशेब करत होती. ती टी वकिलांची असणार. ती जुनी झाल्यावर त्यांनी ही ए घेतली असेल, आणि नव्या गाडीच्या कौतुकात कारकुनालाही फोटोत उभं केलं असेल. इथवर ठीक. पण आजीचा जन्म १९१७ चा. फोटो १९२८ चा धरला तरी आजी अकरा वर्षांची. अकरा वर्षांची मुलगी झबल्यात, फुटबोर्डावर, परक्या ड्रायव्हरच्या शेजारी? त्या वयात तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. फुटबोर्डावरची ती नव्हेच. पाठच्या तीन बहिणींपैकी कुणीतरी. मामाला फोन केला तर तो उखडला. “चाकं मोजून आई ठरवणार का तुम्ही आता?”

रात्री जेवणं झाल्यावर आईला एकाएकी आठवलं. लहानपणी तिनं आजीला विचारलं होतं, “यात तू कुठली?” आजी म्हणाली होती, “मी घरात.” आणि बोट ठेवलं होतं मोटारीवर नाही, मागच्या खिडकीवर. आईला वाटलं, थट्टा करतेय. आमच्या घरात आजीच्या बोलण्याला थट्टा समजायची सवयच होती.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा रामनगरात. काका म्हणाले, खिडकीतलं मला काही कळत नाही, तुम्हीच बघा. आईनं भिंग डोळ्याला लावलं. गजांच्या मागे सगळा काळोख, आणि डावीकडे खाली, दोन गजांच्या मधे, काहीतरी फिकट. वाळत घातलेला पंचा असेल. चेहरा असेल. मी बघितलं, बैठकीतल्या सगळ्यांनी बघितलं. दोघं पंचा म्हणाले, एक जण काहीच बोलला नाही. मग भिंग परत आईकडे गेलं. पुढचे फोटो टेबलावर ताटकळत होते, चहा निवला होता, आणि आई ते भिंग सोडायला तयार नव्हती.