गोळ्या खाणारी पाटी

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात टॅलाहॅची नावाची नदी आहे. सगळा कापसाचा मुलूख. नदीकाठी ग्रॅबॉल लँडिंग या जागी एक पाटी आहे. एक कसली, एकामागून एक चार लागल्या. २००८ साली पहिली लावली, ती चोरीला गेली. दुसरीची गोळ्यांनी चाळण केली. तिसरी २०१८च्या जूनमध्ये लावली, पाच आठवड्यांत तिलाही भोकं पडली. पत्र्यावर चार ओळी काय लिहिल्या, त्यासाठी माणसं बंदुका घेऊन रानात येतात! काय आहे त्या ओळींत?

एका पोराचं नाव आहे. एमेट टिल. वय १४. शिकागोचा पोरगा, १९५५च्या ऑगस्टमध्ये सुट्टीला आईच्या मावशीच्या घरी आला. मावशीचा नवरा मोझ राइट, वाट्यानं कापूस पिकवणारा म्हातारा. २४ तारखेला पोरगा मनी नावाच्या गावात दुकानात गेला. दुकानदारीण गोरी. तो तिच्याशी बोलला, शीळ घातली, एवढा त्याच्यावर आळ. २८ तारखेच्या रात्री तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मिलम यांनी पिस्तुलाच्या धाकानं पोराला अंथरुणातून उचललं. मारमार मारलं, गोळी घातली. जिनातल्या मशिनीचा लोखंडी पंखा काटेरी तारेनं गळ्याला बांधला आणि नदीत टाकलं. तीन दिवसांनी प्रेत वर आलं.

वऱ्हाड-मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना जिन काय ते सांगायला नको. आणि रात्री घरातून उचलणं म्हणजे काय, तेही.

आई मेमी टिल हिनं पेटी शिकागोला नेली आणि झाकण उघडं ठेवलं. माझ्या लेकराचं काय केलं ते जगानं बघावं, असा तिचा हट्ट. हजारो लोक रांगा लावून बघून गेले. काळ्यांच्या 'जेट' साप्ताहिकानं तो चेहरा छापला. इतिहासाची पहिली पाटी खरं तर या बाईनं लावली.

खटला समनर गावात चालला. या गावाचं ब्रीद होतं : मुलगा वाढवायला चांगली जागा. कोर्टासमोर पुतळा होता, गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या शिपायाचा. त्याच्यासमोरून काळे साक्षीदार आत गेले. मोझ राइटनं भर कोर्टात उभं राहून मिलमकडे बोट दाखवलं. तिथं त्या काळी काळ्या माणसानं गोऱ्याकडे असं बोट दाखवणं म्हणजे जिवावर उदार होणं. ज्यूरीत बारा माणसं, बाराही गोरे पुरुष. २३ सप्टेंबरला तासाभरात आरोपी सुटले. जानेवारी १९५६ मध्ये त्याच दोघांनी 'लुक' मासिकाकडून पैसे घेऊन खून कसा केला ते सांगितलं. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता ज्यूरी सगळी गोरी का, ते नीट समजून घ्या. त्या काउंटीत निम्म्याहून जास्त वस्ती काळी. पण मतदारयादीत एकही काळं नाव नव्हतं. ज्यूरर निवडायचे ते यादीतून. यादीत नाव नाही म्हणून ज्यूरीत नाही, ज्यूरीत नाही म्हणून न्याय नाही. साधा हिशेब आहे. आणि ज्यांना न्याय नाही त्यांच्या नावाची पाटी कोण लावणार? पन्नास वर्षं मिसिसिपीच्या रस्त्यावर एमेटचं नाव नव्हतं. शिपायाचा पुतळा मात्र होता.

आपल्याकडे १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं होतं. १९७२ साली मुंबईत पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हा हा इतिहास आपल्याला परका नाही. कोरेगावचा खांबही कंपनीनं स्वतःची फुशारकी म्हणून उभा केला. त्यावरची 'नाक' लागलेली नावं आपली आहेत हे आपण वाचलं, १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले, तेव्हा तो खांब आपला झाला. समनरच्या काळ्यांकडे वाचायला खांबसुद्धा नव्हता.

१९६५ साली मताच्या हक्काचा कायदा झाला. यादीत नावं चढली. सत्तेपर्यंत पोचायला मात्र आणखी कित्येक वर्षं गेली. जेरोम लिटल हा टॅलाहॅची काउंटीच्या कारभारी मंडळाचा पहिला काळा अध्यक्ष. त्यानं पुढाकार घेतला आणि एमेट टिलच्या स्मारकाची समिती उभी राहिली. त्याआधी २००५ साली एका हमरस्त्याला एमेटचं नाव दिलं होतं. पुढच्याच वर्षी त्या पाटीवर कू क्लक्स क्लानची तीन अक्षरं फासली गेली. २ ऑक्टोबर २००७ ला समनरच्या कोर्टासमोर, गोऱ्या-काळ्या लोकांदेखत, टिलच्या घरच्यांची जाहीर माफी मागितली गेली. मग जागोजाग पाट्या लागल्या. मतपेटीतून निघालेल्या पाट्या आहेत या. गोळ्या घालणाऱ्यांना एमेटपेक्षा हेच जास्त झोंबतं, असं माझं मत आहे.

२०१९ साली एक फोटो बाहेर आला. मिसिसिपीच्या विद्यापीठातली तीन गोरी पोरं बंदुका घेऊन भोकं पडलेल्या पाटीजवळ उभी, चेहऱ्यावर हसू. शिकलेली पोरं, बरं का. गोळ्या खाल्लेली एक पाटी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहालयात तशीच मांडली, भोकांसकट. तिची भोकं बुजवली नाहीत हे उत्तम केलं. पाटीवरच्या ओळी १९५५ सांगतात, भोकं त्यानंतरचं सांगतात. २०२३ साली नदीकाठची ती जागा, समनरचं कोर्ट आणि शिकागोचं चर्च मिळून राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं.

चौथी पाटी ऑक्टोबर २०१९ ची. पोलादी, गोळी न शिरणारी, वजन ५०० पौंडांवर. शेजारी कॅमेरे आणि भोंगा. पुढच्याच महिन्यात गोऱ्यांच्या वर्चस्वाची भाषा करणारी एक टोळी झेंडा घेऊन तिथं व्हिडिओ काढायला आली. भोंगा वाजला आणि सगळे गाड्यांकडे पळत सुटले. ते पळणंही कॅमेऱ्यात आलं.