तंतू जितका लांब, तितकी वस्तू भक्कम

अंधेरीतील मरोळ एमआयडीसी, घाटकोपर आणि मुलुंड येथील औद्योगिक गाळ्यांमध्ये प्लॅस्टिकची मोल्डिंग यंत्रे दिवसरात्र चालतात. १९४५ साली स्थापन झालेल्या ऑल इंडिया प्लॅस्टिक्स मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचे कार्यालयही अंधेरीतच आहे. ज्या यंत्रावर साधी झाकणे निघतात, त्याच जातीच्या यंत्रावर दाण्यात काचेचे तंतू मिसळले, की ड्रिल मशीनचे आवरण किंवा मोटारीच्या रेडिएटरची टाकी तयार होते. प्लॅस्टिक येथे धातूची जागा घेते. मात्र ती जागा ते किती विश्वासाने सांभाळील, हे निर्मितीच्या पद्धतीवर ठरते.

दोन जातींची प्लॅस्टिके

तंतुप्रबलित प्लॅस्टिक म्हटले, की वर्सोवा किंवा मढच्या किनाऱ्यावरील फायबरच्या होड्या आठवतात. त्यांतील पॉलिएस्टर रेझिन ऊष्मादृढ असते. एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. म्हणून मोडलेल्या होडीचे नवे काही घडवता येत नाही. याउलट पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला, तर नायलॉन-६ सुमारे २२० अंशांना वितळते आणि थंड होताच पुन्हा कठीण होते. ही प्लॅस्टिके ऊष्मामृदू होत. त्यांच्यापासूनची वस्तू झटपट तयार होते, जोडता येते आणि पुन्हा वितळवताही येते.

अडचण एकच आहे. होडीचे रेझिन तेलासारखे पातळ असल्याने तंतूंच्या जुडग्यात सहज झिरपते. वितळलेले प्लॅस्टिक त्याहून शेकडो पटींनी दाट असते. काचेचा तंतू साधारण १० ते २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहूनही बारीक असतो. अशा हजारो तंतूंच्या मध्ये हा दाट रस शिरवायचा आणि तंतू तुटूही द्यायचे नाहीत, या पेचाची निरनिराळी उत्तरे म्हणजेच निर्मितीच्या पद्धती.

इंजेक्शन मोल्डिंग : सर्वांत प्रचलित पद्धतीत काही मिलिमीटर लांबीचे तुकडे केलेले तंतू प्लॅस्टिकबरोबर मळून दाणा बनवतात. यंत्राच्या स्क्रूमध्ये आणि साच्याच्या अरुंद तोंडाशी हे तंतू आणखी तुटतात. तयार वस्तूत बहुतेकांची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी उरते. शिवाय तंतू प्रवाहाच्या दिशेने वळतात. त्यामुळे वस्तू एका दिशेने भक्कम, दुसऱ्या दिशेने कमकुवत ठरते. दोन प्रवाह जेथे मिळतात, तेथे तडा लवकर जातो. तरीही वेग आणि किंमत या दोन्ही बाबतींत या पद्धतीला तोड नाही.

लांब तंतूंचा दाणा : येथे अखंड तंतू वितळलेल्या प्लॅस्टिकमधून ओढून, थंड करून १० ते १२ मिलिमीटरवर कापतात. तंतू दाण्याइतकाच लांब राहतो. तो टिकवण्यासाठी स्क्रूचा वेग कमी आणि साच्याचे तोंड रुंद ठेवावे लागते.

तक्त्यांचे दाबकाम : काचतंतूंच्या चटईत किंवा कापडात प्लॅस्टिक आधीच मुरवून तक्ते बनवतात. ते भट्टीत मऊ करून प्रेसखाली काही सेकंदांत आकारले जातात. मोटारींच्या बंपरमागील आडव्या पट्ट्या आणि बॅटरीचे तळ असे बनतात.

फितीचे थर : अखंड कार्बन किंवा काचतंतूंची फीत लेसरने अथवा उष्ण वायूने तापवून यंत्रमानव थरावर थर दाबत जातो. विमानउद्योगाने ऊष्मामृदू संमिश्रे यापूर्वीच स्वीकारली आहेत. एअरबस ए-३८० च्या पंखांच्या पुढच्या कडांत ती वापरली गेली.

साच्यातच प्लॅस्टिक : प्लॅस्टिक होण्यापूर्वीचे पातळ द्रव्य तंतूंमध्ये सोडून रासायनिक क्रिया साच्यातच घडवायची, ही नवी वाट. अशा अ‍ॅक्रिलिक रेझिनपासून २०२२ साली स्पेनमध्ये पवनचक्कीचे ६२ मीटर लांबीचे पाते तयार झाले.

पुनर्वापराची मर्यादा

‘पुन्हा वितळते’ याचा अर्थ ‘तसेच परत मिळते’ असा नव्हे. साच्यातून निघालेला रनर ग्राइंडरमध्ये दळून दाण्यात मिसळण्याची रीत सर्वत्र आहे. प्रत्येक दळणाबरोबर तंतू आखूड होतात आणि वस्तूची ताकद घटते. म्हणून भार सोसणाऱ्या भागांत अशा दळलेल्या मालाचे प्रमाण ठरवून मर्यादित ठेवावे लागते. दळताना उडणाऱ्या काचेच्या धुळीपासून कामगारांचे रक्षणही आवश्यक असते.

कच्चा माल उपनगरांपासून फार दूर नाही. नागोठण्याला पॉलिप्रॉपिलीन तयार होते. तळोजा आणि गोव्यातील कोलवाळ येथे काचतंतूंचे कारखाने उभे राहिले. पवईची आयआयटीही जवळच आहे. मात्र प्रेस, भट्ट्या आणि यंत्रमानव यांचा खर्च छोट्या गाळ्याला पेलणारा नसल्याने तेथील बहुतेक काम आखूड तंतूंचेच राहते.

त्या मर्यादेतही दर्जा राखता येतो. पाकिटावरील ‘३० टक्के काच’ हा आकडा केवळ वजन सांगतो, लांबी नव्हे. तयार वस्तूचा तुकडा सुमारे ६०० अंशांच्या भट्टीत जाळला, की प्लॅस्टिक जाते आणि काच उरते. तिचे वजन केले की प्रमाण कळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की तंतूंची लांबी. वस्तू धातूची जागा घेणार असेल, तर माल घेणाऱ्याने या दोन्ही गोष्टी विचारल्याच पाहिजेत.