व्हीआय, सीएनसी आणि मोडची भानगड



पहिल्यांदा व्हीआय उघडणाऱ्याची तक्रार ठरलेली: "टाइप केलं तरी उमटत नाही, आणि बाहेरही पडता येत नाही!" मग टर्मिनलची खिडकीच बंद केली जाते :)

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमधल्या सीएनसी ऑपरेटरला मात्र यात काही नवल वाटू नये. त्याच्या पॅनेलवर मोडचा खटका असतोच: एडिट, ऑटो, एमडीआय, जॉग. एडिटमध्ये प्रोग्रॅम बदलायचा, ऑटोमध्ये जॉब काढायचा. सायकल स्टार्टचं बटण एकच. एडिटमध्ये ते मुकं, ऑटोमध्ये दाबलं की स्पिंडल फिरलाच. कुठल्या मोडमध्ये आहोत हे आधी बघायचं, मग बटणाला हात लावायचा.

व्हीआयमध्ये हे आलं कुठून? युनिक्सचा मूळ एडिटर म्हणजे केन थॉम्पसनचा 'ईडी'. तो टेलिटाइपसाठी लिहिलेला. पडदा नाही, सगळं कागदावर छापून यायचं. आधी हुकूम द्यायचा, मग मजकूर टाइप करायचा, आणि शेवटी एका ओळीवर नुसता टिंब देऊन परत हुकुमांकडे यायचं. म्हणजे दोन मोड तिथेच होते.

१९७६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजचे जॉर्ज कुलूरिस आपला 'ईएम' एडिटर घेऊन बर्कलीला आले. तो पाहून बिल जॉय आणि चक हेली यांनी 'एक्स' बनवला, आणि जॉयने त्याला पडदाभर मजकूर दाखवणारा 'व्हिज्युअल' मोड जोडला. तोच व्हीआय. १९७९ च्या दुसऱ्या बीएसडीमध्ये तो या नावाने आला.

आता गंमत बघा. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. २४ ओळी गुणिले ८० अक्षरं, म्हणजे १९२० अक्षरांचा पडदा पूर्ण भरायला मिनिटाहून जास्त! अशा वेळी एका-दोन अक्षरांत काम उरकणारे हुकूम ही चैन नव्हती, गरज होती. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच-जे-के-एल या कळांवरच बाण छापलेले होते, आणि एस्केपची कळ आजच्या टॅबच्या जागी, अगदी बोटाखाली होती. आज ती कोपऱ्यात गेली, म्हणून हात दुखतो.

पुढे डच प्रोग्रॅमर ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगावर विम आणला आणि वापरणाऱ्यांना युगांडातल्या मुलांसाठी मदत करा असं सांगितलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. २०२४ ची ९.१ आवृत्ती त्यांनाच अर्पण केली आहे.

मराठी लिहिणाऱ्यांची वेगळीच पंचाईत. इनस्क्रिप्ट चालू असेल तर एच-जे-के-एल म्हणजे प-र-क-त! विमला हुकूम कळेचना. २००१ च्या ६.० आवृत्तीपासून 'कीमॅप' आहे: मजकूर मराठीत, हुकूम इंग्रजीत.

असो. डिप्लोमा करून नुकत्याच सर्व्हरवर बसलेल्या पोरांसाठी थोडक्यात: 'आय' दाबा, लिहा, एस्केप दाबा. जतन करून बाहेर पडायला कोलन-डब्ल्यू-क्यू, काही न बदलता पळायला कोलन-क्यू आणि उद्गारचिन्ह. मग 'विमट्यूटर'ला अर्धा तास द्या. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडलेला असतो तेव्हा दुसरा एडिटर असेलच असं नाही. व्हीआय बहुधा असतोच.