हजरत रुफैदांच्या तंबूपासून अतिदक्षता विभागापर्यंत



मुलगी डॉक्टर व्हावी असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. ती परिचारिका व्हावी असे मात्र क्वचितच कोणी म्हणतो. हे काम हलके, रात्रपाळीचे, म्हणून आपल्या घराण्याला न शोभणारे, अशी समजूत आहे. इतिहास निराळे सांगतो.

हिजरी सन ५, म्हणजे इ. स. ६२७. खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (र.) यांच्या हाताला बाण लागला. हुजूर पैगंबर (स.) यांनी त्यांना कोठे ठेवविले? मदिनेच्या मशिदीत, जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (र.) यांच्या तंबूत. याहून मोठा मान कोणता?

पुढे १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेला शिस्त लावली आणि १८६० साली लंडनमध्ये परिचारिकांची शाळा काढली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वास बंद पडू लागलेल्या रुग्णांच्या गळ्याला छेद देऊन नळी बसविण्याचा मार्ग डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी दाखविला. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून, रात्रंदिवस त्यांना श्वास पुरविला. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभारला. आजच्या अतिदक्षता विभागांचे मूळ तेथे आहे. पुढे यंत्रे आली, तरी रुग्णाच्या उशाशी अखंड जागते ती परिचारिकाच. २०२० च्या कोरोना साथीत हे आपण सर्वांनी पाहिले.

जबाबदारी वाढली तसे शिक्षणही वाढले. तीन वर्षांची जी. एन. एम. पदविका किंवा चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंग ही केवळ पहिली पायरी होय. पदविकेनंतर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी. एस्सी. करता येते. नोंदणीकृत, अनुभवी परिचारिकेला अतिदक्षता किंवा आपत्कालीन शुश्रूषेची एक वर्षाची विशेष पदविका घेता येते. पदवीधरांना एम. एस्सी. आहे, शिवाय भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षतेसाठी दोन वर्षांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. पुढे प्रभारी परिचारिका, अधिसेविका, प्राध्यापिका होता येते. मुलांनाही ही वाट खुली आहे.

पालकहो, मुलीला पहिली नोकरी लागली की शिक्षण संपले असे समजू नका. अपघाताच्या रात्री आपलेच माणूस दवाखान्यात नेले जाते, तेव्हा उशाशी जाणती परिचारिका असावी असे आपण मागतो. ती आपल्याही घरातून का येऊ नये?