ग्रंथारंभींचें अनुमतिपत्र

जुन्या छापील धर्मग्रंथांची बांधणी नवी करितांना आरंभींचीं एक-दोन जीर्ण पानें काढून टाकण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आढळते. ग्रंथ कोणाच्या संमतीनें निघाला, कोणीं छापिला व तो विकण्याचा अधिकार कोणास होता, हें बहुधा त्याच पानांवर असतें. या कामीं यहुदी लोकांच्या ग्रंथव्यवहाराचा दाखला मननीय आहे.

यहुदी ग्रंथाच्या आरंभीं रब्बींचें, म्हणजे धर्मगुरूंचें, जें अनुमतिपत्र छापितात त्यास 'हस्कामा' अशी संज्ञा आहे. इटलींतील फेरारा येथें इ. स. १५५४ मध्यें भरलेल्या सभेनें, तीन रब्बींच्या संमतीवांचून नवा ग्रंथ छापूं नये, असा निर्बंध घातला. पुढें अठराव्या शतकांत पूर्व युरोपांत हसीदी भक्तिपंथ उदयास आला. त्या पंथांतील श्नेऊर झल्मन यांचा 'तान्या' हा ग्रंथ प्रथम हस्तलिखित प्रतींनीं फिरत होता. नकला करणारांच्या हातून त्यांत अपपाठ शिरले, म्हणून तो इ. स. १७९६ मध्यें स्लावुता येथें छापविण्यांत आला. त्यास आनीपोली येथील झुस्या व यहूदा लेब या दोन रब्बींचीं पत्रें जोडलीं आहेत. त्यांत ग्रंथाची प्रशंसा आहेच. परंतु पांच वर्षेंपर्यंत दुसऱ्या कोणीं तो छापून प्रकाशकांचें नुकसान करूं नये, अशी ताकीदही आहे. पाठाचें प्रामाण्य व विक्रीचें संरक्षण हीं दोन्ही कार्यें अशा पत्रांनीं साधत. राजसत्ता हातीं नसलेल्या समाजांत गुरूचा शब्द हाच प्रकाशकाचा आधार होता.

आतां आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल समाजाकडे पाहूं. त्यांच्यांत रब्बींची परंपरा नव्हती. हिब्रू धर्मशिक्षणास एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या यहुद्यांचें साह्य झालें. वल्हांडण सणाच्या रात्रीं वाचावयाचा 'हगादा' मराठी भाषांतरासह मुंबईस इ. स. १८४६ मध्यें शिळाछापावर निघाला. त्याचे कर्ते दोन: कोचीनचे हाईम जोसेफ हालेगुआ व बेने इस्राएलांपैकीं हाईम आयझॅक गालसूरकर. एक परंपरेचा जाणता, दुसरा वाचकांचा आप्त. या जोडनांवानेंच अनुमतिपत्राचें काम केलें असावें, असा आमचा तर्क आहे. पुढें इ. स. १८७४ मध्यें पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत मराठी भाषांतरासह दुसरा हगादा छापिला गेला. अग्निहोत्री आडनांवाच्या गृहस्थाच्या छापखान्यांतून यहुद्यांचा धर्मग्रंथ बाहेर पडावा, ही पुण्याच्या इतिहासांतील लहान गोष्ट नव्हे. पण मुद्रकाचें नांव असलेलें पान गेलें कीं ती त्या प्रतींतून कायमची गेली.

पोथीची पुष्पिका आपण जिवापाड जपतों, कारण लेखक, शक व स्थळ तिच्यांत सांपडतें. छापील ग्रंथाची पुष्पिका आरंभीं असते, इतकाच काय तो भेद. संग्राहकांनीं बांधणाराच्या हातीं ग्रंथ देण्यापूर्वीं तीं पानें मोजून, त्यांची नक्कल करून ठेवावी, एवढीच विनंति.

सावंगी (मेघे), जिल्हा वर्धा.