कृष्णधवल डिजिटल छायाचित्र व अस्सल लेखाचा पुरावा

प्रस्तुत लेखाचा विषय इतिहाससंशोधकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. तो कॅमेऱ्याविषयीं आहे. आणि तोही ज्यास रंग मुळींच कळत नाहीं अशा कॅमेऱ्याविषयीं. परंतु अस्सल कागद हातीं घेऊन वाचण्याचा योग आतां विरळा, आणि त्याचें छायाचित्र पाहून वाचण्याचा प्रसंग नित्याचा, अशी स्थिति झाली आहे. दप्तरांतील रुमाल सुटतो तो छायाचित्रकाराच्या मेजावर. वाचकापर्यंत पोंचते ती प्रतिमा. तेव्हां कोणत्याही नकलेविषयीं जो प्रश्न आपण प्रथम विचारतों, तोच या प्रतिमेविषयींही विचारणें प्राप्त आहे. नक्कल करणारानें डोळ्यांपुढील अक्षर उतरलें किती, आणि पदरचें घातलें किती?

हा प्रश्न विचारला असतां असें आढळतें कीं, नेहमींच्या रंगीत डिजिटल कॅमेऱ्याचा पदरचा भाग बराच मोठा असतो, आणि केवळ कृष्णधवल छायाचित्रासाठींच घडविलेल्या कॅमेऱ्यांत तो जवळजवळ नसतो. या एका भेदाचा हस्तलिखितांच्या वाचनावर कोणता परिणाम होतो, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं सिलिकनचा एक सपाट तुकडा असतो. त्यास सेन्सर म्हणतात. त्यावर लक्षावधि सूक्ष्म प्रकाशपेशी ओळीनें मांडलेल्या असतात. प्रत्येक पेशी आपल्यावर पडलेल्या उजेडाचें माप तेवढें सांगते. तो उजेड तांबडा कीं निळा हें तिला समजत नाहीं. म्हणजे सेन्सर हा स्वभावतःच कृष्णधवल आहे. अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन यांनीं १९७५ सालीं जुळविलेला पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा असाच होता. त्याच्या सेन्सरवर १०० गुणिलें १००, म्हणजे अवघ्या १०,००० पेशी होत्या. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आणि तें चित्र कृष्णधवल असे.

पेशींस रंग ओळखावयास लावण्याची युक्ति त्याच कंपनींतील ब्राइस बायर यांनीं काढली व तिचें पेटंट १९७६ सालीं मिळालें. प्रत्येक पेशीवर त्यांनीं एकेका रंगाची गाळणी बसविली. निम्म्या पेशींवर हिरवी, चतुर्थांशावर तांबडी, उरलेल्या चतुर्थांशावर निळी. हिरव्या गाळणीखालील पेशीस हिरव्या उजेडाचें माप मिळतें. त्या स्थळाचें तांबडें व निळें माप शेजारच्या पेशींवरून गणितानें अदमासून भरलें जातें. रंगीत चित्राच्या प्रत्येक बिंदूस तीन मापें लागतात. त्यांपैकीं एक मोजलेलें असतें व दोन अनुमानित असतात. आज प्रचलित असलेले बहुतेक रंगीत कॅमेरे याच तत्त्वावर चालतात.

यावरून रंगीत छायाचित्र खोटें असतें असें कोणीं समजूं नये. शेजारच्या पेशींवर पडणाऱ्या उजेडांत सामान्यतः फरक थोडा असतो, म्हणून अनुमान बहुधा बरोबर ठरतें. परंतु जेथें काळें व पांढरें एकाएकीं भेटतात, तेथें तें चुकण्याचा संभव असतो. आणि बोरूच्या रेघेची कड, मोडी ओळीच्या शिरोरेघेचा तुटका भाग, अनुस्वाराचा ठिपका, खोडलेल्या अक्षराचा उरलेला ओरखडा हीं नेमकीं अशींच स्थळें होत. जाणता लेखक त्रुटित पत्राची नक्कल करतांना संदर्भानें गाळलेलीं अक्षरें भरतो. तीं बहुधा योग्यही असतात. पण त्यानें तीं कंसांत घातलीं नाहींत, तर मूळ कोठें संपलें व भरती कोठें सुरू झाली हें पुढील वाचकास उमगत नाहीं. रंगीत कॅमेरा हा कंस न घालणारा नक्कलकार आहे.

कृष्णधवल कॅमेऱ्यांत ही गाळणीच नसते. प्रत्येक पेशीचें माप हें त्या स्थळाचेंच माप असतें. शिवाय गाळणींत अडणारा उजेड वांचतो, म्हणून मंद प्रकाशांतही काम भागतें. नाजूक कागदावर प्रखर दिवे लावण्याची गरज त्यामुळें कमी होते. कोडॅकनें १९९१ सालीं विक्रीस आणलेला व्यावसायिक डिजिटल कॅमेरा रंगीत व कृष्णधवल अशा दोन्ही प्रकारांत मिळत असे. पुढें रंगीताचा प्रसार होऊन कृष्णधवल प्रकार शास्त्रीय कामापुरता उरला. सामान्य छायाचित्रकाराच्या हातीं तो पुन्हां आला तो जर्मनींतील लायका कंपनीच्या २०१२ सालच्या १८ मेगापिक्सेलच्या ‘एम मोनोक्रोम’ कॅमेऱ्यामुळें. त्याच घराण्यांतील रंगीत ‘एम-९’ कॅमेऱ्याची मूळ संवेदनशक्ति १६० होती, ती गाळणी काढल्यावर ३२० झाली. २०२३ सालीं याच कंपनीचा ६० मेगापिक्सेलचा ‘एम-११ मोनोक्रोम’ व जपानी पेंटॅक्सचा एक कृष्णधवल कॅमेरा असे दोन कॅमेरे एकाच वर्षीं निघाले. ज्या बायर यांची गाळणी या कॅमेऱ्यांनीं काढून टाकली, ते २०१२ सालींच वारले.

तथापि कृष्णधवल म्हणजे निःपक्षपाती, अशी समजूत करून घेणें चुकीचें होईल. आरंभींच्या चांदीच्या काचांना निळा उजेड फार लवकर लागे व तांबडा मुळींच लागत नसे. त्यामुळें निळें तें पांढरें व तांबडें तें काळें उमटे. हेर्मान फोगेल यांनीं १८७३ सालीं रंजकद्रव्यें मिसळून काचांना हिरवा व पिवळा उजेड दाखविण्याचा मार्ग शोधला. सर्व रंग टिपणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक काचा बाजारांत आल्या त्या १९०६ सालीं. म्हणून जुन्या काचेवरून छापलेलें पोथीचें पान पाहतांना, त्यांतील काळें अक्षर मुळांत काळेंच होतें कीं तांबड्या शाईचें होतें, हें केवळ त्या चित्रावरून सांगतां येत नाहीं. आजच्या सेन्सरची दृष्टि याहून पुष्कळ विस्तृत आहे. पुढील अडसराची कांच नसेल तर तो डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरणही सुमारें १,००० नॅनोमीटरपर्यंत टिपतो. परंतु तांबड्या व काळ्या शाईच्या छटा त्याच्याही चित्रांत सारख्या करड्या येऊं शकतात.

यावर जो उपाय निघाला, त्यानेंच या कॅमेऱ्यास हस्तलिखितांच्या अभ्यासांत मोठें स्थान मिळालें. उपाय साधा आहे. कॅमेरा व पान हलवावयाचें नाहीं. उजेड तेवढा बदलावयाचा. अतिनील, निळा, हिरवा, तांबडा, अवरक्त असे एकेक किरण पानावर पाडून दर वेळीं एक कृष्णधवल चित्र घ्यावयाचें. प्रत्येक चित्रांतील प्रत्येक बिंदु प्रत्यक्ष मोजलेला असल्यामुळें तीं चित्रें एकावर एक तंतोतंत बसतात, आणि एका किरणांत दिसणारी व दुसऱ्यांत लोपणारी शाई निराळी काढतां येते.

आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकांतील प्रत हें याचें प्रसिद्ध उदाहरण. ती धुऊन तिच्यावर १२२९ सालीं प्रार्थनाग्रंथ लिहिला गेला. डेन्मार्कचे पंडित हायबर्ग यांनीं १९०६ सालीं ती कॉन्स्टँटिनोपल येथें वाचली व तिचीं छायाचित्रें घेविलीं. पुढें पोथी नाहींशी झाली. १९९८ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत २० लक्ष डॉलरांस विकली गेली, तेव्हां तिच्या कांहीं पानांवर मधल्या काळांत बनावट चित्रें रंगविलेलीं आढळलीं. तीं बनावट असल्याचें ओळखण्यास हायबर्ग यांच्या छायाचित्रांची साक्ष उपयोगीं पडली, कारण त्यांत तींच पानें चित्रांवांचून होतीं. त्यानंतर बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयांत निरनिराळ्या किरणांत घेतलेल्या प्रतिमांनीं खालचा पुष्कळ मजकूर पुन्हां वाचतां आला, आणि २००८ सालीं त्या सर्व प्रतिमा अभ्यासकांस खुल्या झाल्या.

दुसरें उदाहरण डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या १८७१ सालच्या रोजनिशीचें. तें विस्तारानें देतों, कारण त्या प्रवासाचा महाराष्ट्राशीं प्रत्यक्ष संबंध आहे. लिव्हिंग्स्टन १८६६ च्या आरंभीं मुंबईहून झांझिबारकडे निघाले, तेव्हां गुलामगिरींतून सुटून नाशिकजवळील शरणपूरच्या मिशनशाळेंत शिकलेले आफ्रिकी तरुण त्यांच्याबरोबर होते. त्यांचा साथीदार चुमा हा मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या आश्रयास शिकलेला. पुढें १८७३ सालीं चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हां अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हाही शरणपूरचाच विद्यार्थी.

१८७१ सालीं मध्य आफ्रिकेंत लिव्हिंग्स्टन यांच्याजवळील कागद व शाई दोन्ही संपलीं. तेव्हां १८६९ च्या नोव्हेंबरांतील ‘स्टँडर्ड’ या लंडनच्या वृत्तपत्राच्या छापील पानांवरूनच त्यांनीं तेथील बियांच्या रंगाच्या शाईनें टिपणें लिहिलीं. १५ जुलै १८७१ रोजीं न्यांग्वे येथील बाजारावर गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनीं गोळीबार करून शेंकडों लोक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मारले. तें लिव्हिंग्स्टन यांनीं डोळ्यांनीं पाहिलें व त्याची हकीकत याच पानांवर उतरली. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ च्या तहानें बंद झाला. या हकीकतीनें इंग्लंडांत चेतलेलें लोकमत हें त्याचें एक कारण होय. परंतु इंग्लंडांत पोंचली ती हकीकत या खर्ड्यांतील नव्हे. लिव्हिंग्स्टन यांनीं नंतर मोठ्या वहींत साफ नक्कल केली, आणि तिच्यावरून होरेस वॉलर यांनीं १८७४ सालीं ग्रंथ छापिला. मूळ खर्ड्याची शाई इतकी विटली कीं, छापील मजकुराच्या गर्दींत ती बहुतेक दिसेनाशी झाली.

२०१० सालीं एड्रियन विस्निकी यांच्या नेतृत्वाखालीं या पानांच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. आर्किमिडीजच्या पोथीवर राबलेले रॉजर ईस्टन व कीथ नॉक्स यांसारखे शास्त्रज्ञ या कामांतही होते. छापखान्याची शाई काजळीची, म्हणून ती अवरक्त उजेडांतही काळीच राहिली. बियांचा रंग त्या उजेडांत लोपला. ज्या चित्रांत दोन्ही शाया दिसतात त्यांतून, केवळ छापील शाई दिसणारें चित्र वजा केलें असतां, वृत्तपत्र मागें सरून लिव्हिंग्स्टन यांचें हस्ताक्षर पुढें आलें. २०११ सालीं पाठ प्रसिद्ध झाला, तेव्हां खर्डा व साफ नक्कल यांतील भेद उघड झाले. झांझिबारहून त्यांच्या तैनातीस पाठविलेल्या, बनिया व्यापाऱ्यांच्या मालकीच्या दासांविषयींचा खर्ड्यांतील मजकूर साफ प्रतींत बदललेला आढळला. १४० वर्षें जो लेख प्रत्यक्षदर्शी म्हणून मान्य होता, तो प्रत्यक्षदर्शी मनुष्याचाच, पण दुसऱ्या विचाराचा लेख ठरला. कच्चें टिपण व पक्का लेख यांचें तारतम्य आपल्याकडील दप्तरें चाळणारास नवें नाहीं. नवें हें कीं, तें तारतम्य करण्यास लागणारा पाठच या रंगहीन चित्रांवांचून हातीं आला नसता.

आपल्या कागदांस ही पद्धति कितपत लागू पडेल? शाईच्या घडणीवरून उत्तर देतां येतें. काजळी व डिंक यांची शाई अवरक्त उजेडांत ठळक राहते; म्हणून तेलकट, धुरकट वा वाळवीच्या मातीनें डागळलेल्या कागदावर ती लिहिलेली असल्यास डाग फिके पडून अक्षर उघडें होण्याचा संभव मोठा. हिरडा व हिराकस यांची शाई उलट त्याच उजेडांत फिकी होत जाते; तिच्या विटलेल्या अक्षरांस निळा किंवा अतिनील उजेड अधिक मानवतो. याचा दुसराही उपयोग आहे. एकाच पत्रांत मागाहून घातलेली ओळ, बदललेली तारीख किंवा वाढविलेला आंकडा भिन्न शाईचा असेल, तर डोळ्यांस एकसारखीं दिसणारीं तीं अक्षरें अवरक्त चित्रांत वेगळीं पडतील. वतनांच्या वादांतील बनावट महजरांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे; त्यांच्या परीक्षेस हें साधन योग्य आहे.

परंतु साधन जितकें समर्थ, तितकी त्याच्या हाताळणाराची जबाबदारी अधिक. चित्रें एकमेकांतून वजा करून काढलेली प्रतिमा ही मूळ प्रतिमा नव्हे. ती संपादित पाठ आहे. म्हणून अशी प्रतिमा छापतांना कोणत्या उजेडांत, कोणत्या सेन्सरनें, कोणते संस्कार करून ती काढली हें नमूद करावें, आणि संस्काराविरहित चित्रें निराळीं जपून ठेवावींत. पोथीच्या हळदकुंकवाच्या बोटांचा, तांबड्या दंडांचा, शिक्क्याच्या शाईचा रंगही पुरावाच आहे. त्यासाठीं रंगीत चित्रही सोबत घ्यावें. आणि कागदाचा पोत, घड्या, पाण्याचा छाप, चिकटविलेले जोड यांस अस्सल कागदाशिवाय साक्षीदार नाहीं. प्रतिमा मिळाली म्हणून मूळ रुमाल दुर्लक्षिण्यास तें निमित्त होऊं नये.

ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत त्या सज्जनांस आमची एवढीच विनंति आहे. अक्षर दिसत नाहीं म्हणून कोरा समजून बाजूस टाकलेला कागद कोणीं नष्ट करूं नये. अंधुक अक्षर उठावें म्हणून त्यावर पाणी, तेल किंवा औषध लावूं नये, आणि नव्या शाईनें तें गिरवूं तर मुळींच नये. न्यांग्वेचा खर्डाही शतकाहून अधिक काळ जवळजवळ अवाच्यच होता. तो वाचला गेला, याचें पहिलें कारण कॅमेरा नव्हे. तो कोणीं तरी जसाच्या तसा ठेवला होता, हें होय.